लटारू भांडेकरनं पुसलेलं गाव

चामोर्शीच्या बाजारचौकात, तेलघाणीच्या बाजूला, पत्र्याच्या छपराचं एक दुकान होतं. त्यावर पाटी होती: 'एल. के. भांडेकर, आर्टिस्ट व फोटोग्राफर'. एल. के. म्हणजे लटारू कोंडूजी. पण लटारू नावाचा आर्टिस्ट कोणी मानला नसता, म्हणून नागपूरहून परतताना त्यानं बापानं दिलेलं नाव दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून आणलं होतं.

नागपुरात तो एका स्टुडिओत राबला, तिथंच कला शिकला. येताना लाकडी पेटीतला कॅमेरा आणला आणि एक रंगवलेला परदा. परद्यावर राजवाडा होता, पायऱ्या होत्या, तळं होतं आणि तळ्यात दोन हंस. एक हंस नीट होता, दुसरा बदकाकडे झुकलेला. गावात विजेचा पत्ता नव्हता. लटारूनं छपराचा एक पत्रा काढून तिथं पांढरं कापड ताणलं होतं आणि त्यातून येणाऱ्या उजेडात तो फोटो काढायचा. सूर्य हाच त्याचा नोकर, आणि ढग आले की तो रजेवर.

पण लटारूची कीर्ती फोटोसाठी नव्हती. ती होती टचिंगसाठी. बारीक ब्रश आणि टोकदार पेन्सिल घेऊन तो बसला की चेहऱ्यावरचा डाग उरत नसे. त्या काळात घरोघरी देवीचे व्रण. लग्नाच्या मुलीचा फोटो पाठवायचा तर लटारूशिवाय गत्यंतर नव्हतं. 'देवीनं देल्लं ते लटारूनं काढलं' असं लोक म्हणत. तो स्वतः म्हणायचा, "देवानं घाईत केलेलं काम मी निवांत करतो."

एकदा जवळच्या घोट गावची मंडळी फोटो पाहून मुलगी पाहायला आली. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन समोर उभी राहिली तरी ते तिच्या मागं पाहत राहिले. शेवटी मुलाच्या मामानं विचारलं, "फोटोतली पोरगी कवा येते?" त्यावरून मोठं भांडण झालं. लटारूला बोलावलं गेलं. तो शांतपणे म्हणाला, "फोटो म्हनजे मानूस कसा आहे ते नाई. कसा पाह्यजे ते." लग्न झालं. त्याचं श्रेय त्यानं टचिंगला दिलं.

घरात मात्र हे तत्त्वज्ञान चाललं नाही. बायको वच्छलाच्या ओठाच्या वर एक चामखीळ होती. लग्नानंतर त्यानं तिचा फोटो काढला, मन लावून चामखीळ काढून टाकली आणि काचेच्या चौकटीत घालून तिच्या हातात दिला. वच्छलानं बराच वेळ पाहिलं.

"ही कोन बाई आहे?"

"तूच ना."

"मंग आज सैपाक कराले हिलेच सांगा."

छप्पन सालच्या नोव्हेंबरात चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. धानाच्या बांध्या, जंगल, वैनगंगा, सगळं जिथल्या तिथं राहिलं. फक्त साहेब बदलले. नव्या साहेबांना जुने नकाशे पटेनात. मग चामोर्शीच्या विश्रामगृहात एक तात्पुरती 'नकाशा सुधार कचेरी' उघडली आणि तिच्यावर परचुरे नावाचे अधिकारी आले. परचुरे पुण्याचे. झाडांची शास्त्रीय नावं त्यांना पाठ होती, पण झाड समोर आलं की नाव येत नसे.

नवा नकाशा चालत जाऊन करायचा नव्हता. विमानातून जंगलाचे फोटो काढून झाले होते. त्या फोटोंवर पातळ कागद ठेवून नदी, डोंगर, रस्ते, गावं उतरवायची, की झाला नकाशा. काम सोपं होतं. पण फोटो पत्र्याच्या ट्रंकेत होते, ट्रंक एका पावसाळ्यात गळक्या खोलीत होती, आणि आता फोटोंवर बुरशीचे ठिपके उठले होते. चित्र उतरवणारे ड्राफ्ट्समन चिडले. ठिपका आणि टेकडी यांतला फरक त्यांना करता येईना.

परचुरे साहेबांनी लटारूला बोलावून घेतलं.

"भांडेकर, तुम्ही डाग काढता असं ऐकलं."

"माणसाचे काढतो साहेब."

"मग जंगलाचे काढा. फोटो तो फोटोच."

लटारूच्या छातीत फुगा फुगला. सरकारनं आर्टिस्ट म्हणून बोलावलं होतं. त्यानं विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, शाई घोटली, ब्रशचं टोक जिभेवर फिरवून बारीक केलं. समोर फोटोतलं जंगल पसरलं होतं. वरून कसं दिसतं हे त्यानं काय, चामोर्शीत कोणीच पाहिलं नव्हतं. त्याला तो एक मोठा, सावळा, केसाळ चेहरा वाटला. त्यावर पांढुरके ठिपके.

"हे काढू साहेब?"

परचुरे वाकले. "अर्थात. बुरशीच ती."

"अन् हे? हे जरा गोल गोल आहे, एका जागी जमलेलं."

"बुरशी अशीच जमते. पुण्यात आमच्या लोणच्यावर पाहिली आहे मी."

लटारूनं ब्रश टेकवला. ठिपके गेले. त्यांच्या बाजूला एक चकचकीत पांढरा डाग होता, डोळ्यातल्या फुलासारखा, तोही गेला. एक ओढा चेहऱ्यावरच्या सुरकुतीसारखा वाकडातिकडा होता. लटारूला ते बरं दिसेना, त्यानं तो हळूच सरळ केला. एका फोटोवर चिमट्याचा लांब ओरखडा होता, घोटकडून निघून थेट डोंगरावर चढलेला. तो काढायला लटारूनं ब्रश उचलला, तेवढ्यात परचुऱ्यांनी हात धरला.

"थांबा! हा रस्ता आहे."

"ओरखडा वाटते जी."

"इतका सरळ आहे म्हणजे सरकारीच असला पाहिजे."

रस्ता राहिला. काम संपलं तेव्हा जंगल नव्या नवरीसारखं निघालं होतं. परचुरे साहेब हरखले. "स्वच्छ! अगदी स्वच्छ! असं जंगल मी कुठे पाहिलं नाही." ते खरंच होतं, कारण असं जंगल कुठेच नव्हतं. नकाशा उतरला, छापायला गेला, छापून आला. त्याची एक प्रत परचुऱ्यांनी लटारूच्या दुकानात लावायला दिली. लटारूनं ती परद्याच्या शेजारी टांगली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "हे बी आपलंच टचिंग."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर विश्रामगृहाच्या दारात पोचू मडावी येऊन उभा राहिला. घोटच्या पलीकडे जंगलात कोहकानार नावाचं छोटं गाव, पोचू त्या गावचा पाटील. गावाला सरकारी विहीर मंजूर होती. विहिरीचा ठेकेदार बैलगाडीवर सब्बल-फावडी घेऊन निघाला, घोटला थांबून त्यानं नवा नकाशा उघडला आणि तिथूनच परत फिरला. नकाशात गाव नव्हतं. मग जंगलखात्याचा नाकेदार आला. घरासाठी लाकूड, चुलीला सरपण, वेचायला मोहफुलं हा गावाचा निस्ताराचा हक्क. नाकेदार म्हणाला, गावच नाही तर निस्तार कशाचा?

परचुऱ्यांनी पोचूला खुर्ची दिली, नकाशा उलगडला, भिंग दिलं. सगळं अगदी सभ्यतेनं.

"हे पहा पाटील. इथे जंगल आहे. इथे ओढा आहे, सरळ. कोहकानार नाही."

"आहे ना जी. मी आताच तिथून आलो."

"तुम्ही आलात हे मान्य. पण कुठून आलात, हा प्रश्न आहे."

पोचूनं विचार केला. "मंग आमी राहतो कुठी?"

"तेच शोधायला हवं. हा नकाशा फोटोवरून केला आहे. विमान काय खोटं बोलेल? त्याला तुमच्या गावाशी काय वैर?"

"विमान आल्तं जी आमच्यावरून. बुधरीबाईनं त्याले हात बी दाखवला."

"हात दिसत नाही फोटोत," परचुरे म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मार्ग काढला. आकाशातल्या फोटोनं गाव नाही म्हटलं असेल तर जमिनीवरच्या फोटोनं आहे म्हणावं. मग दोन्ही फोटो वरती पाठवू. "भांडेकरांना गावात न्या. गावाचा फोटो आणा."

पोचू दुकानात आला. लटारूनं त्याला बाकावर बसवलं आणि सहज विचारलं, गाव नेमकं कोणत्या बाजूला?

"ओढा वाकते ना भाऊ, तिथी. घरं गोल गोल, एका जागी. बाजूनं आमची पान्याची बोडी. उन्हात लय चमकते."

लटारूच्या हातातली काच खाली पडून फुटली. गोल गोल, एका जागी. बाजूला चकचकीत. वाकडा ओढा. त्याच्या डोळ्यांपुढे ते लोणचं आलं. पोचूला तो म्हणाला, "उद्या येतो," आणि दुकान बंद करून घरी जाऊन आडवा झाला.

वच्छलानं पाहिलं, माणूस जेवत नाही, बोलत नाही. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पदर खोचला. तेव्हा त्यानं सांगितलं.

"गाव पुसलं तुमी?" ती म्हणाली. "आख्खं गाव?"

"मले वाटलं बुरशी आहे."

"पोचूले सांगतलं का?"

"कसं सांगू? आर्टिस्ट म्हन्ते मले लोक."

वच्छला उठली, शिदोरी बांधायला लागली. "उद्या जायचं अन् गाव परत आनाचं. पुसता येते तर काढता बी येते. मी बी येतो संगं. नाई तर तुमी रस्त्यात दुसरं एखादं पुसाल."

सकाळी दोघं पोचूच्या खासरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून निघाले. मागं कॅमेऱ्याची पेटी, फोटो उतरायच्या काचा आणि गुंडाळलेला परदा. परदा कशाला घेतला हे लटारूला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. न्हावी जाईल तिथं धोकटी जाते, तसा तो गेला.

कोहकानार बघून लटारूला रडूच आलं. गाव होतं. शेणानं सारवलेल्या भिंती होत्या, कुंपणं होती, बोडीत म्हशी होत्या. एका अंगणात पाय पसरून बुधरी बसली होती, गावातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिनं विमानाला हात दाखवला होता. तिचा आवाज असा की गावाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कोंबडी दचकायची.

लटारूनं कॅमेरा तीन पायांच्या लाकडी घोडीवर चढवला, घरांकडे वळवला. तेवढ्यात बुधरीनं गुंडाळी पाहिली.

"त्यात काय आहे भाऊ?"

"परदा आहे बाई. तो नाई लागत आज."

"बाजारातल्या फोटोत राहते तोच? हंसाचा?" ती उठली. "तो लाव."

"अवो, गावाचा फोटो पायजे. घरं दिसली पायजेत."

"घरं रोजच पाहतो आमी. घराचा कोनी फोटो काढते का? घरी पावना आला तर बोरा हातरते का सतरंजी?"

सगळं गाव तिच्या बाजूनं झालं. पोरं गुंडाळी सोडवू लागली. पोचू मध्ये पडला, "बुधरीबाई, साहेबानं घरं सांगतली." बुधरी म्हणाली, साहेबाचा फोटो असेल तेव्हा साहेबाचं ऐकू.

लटारूला नाही म्हणता आलं असतं. पण ज्या माणसांना त्यानं एका दुपारी शाईखाली घातलं होतं, त्यांना आज कशासाठीही नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. परदा दोन मोहाच्या झाडांना बांधला गेला. तो बरोबर घरांच्या पुढं आला. एकेक कुटुंब येऊन राजवाड्याच्या पायऱ्यांसमोर उभं राहिलं. काचा संपत आल्या. शेवटची काच त्यानं घरांसाठी राखली होती, तेव्हा बुधरी म्हणाली, आता सगळे मिळून एक. वच्छला मागून कुजबुजली, "घरं, घरं!" पण बुधरी तोवर मधोमध जाऊन बसली होती आणि हंस कोणता चांगला दिसेल हे ठरवून त्याच्या बाजूला सरकली होती.

परतताना वच्छला खासरात त्याच्याकडे पाठ करून बसली.

लटारूनं फोटो धुतले. ब्रशला हात लावला नाही. परचुऱ्यांसमोर फोटो ठेवताना तो आधीच म्हणाला, "साहेब, मागं आहे ते जरा..."

पण परचुऱ्यांचे डोळे लकाकले होते. "राजवाडा!"

"तो परदा आहे साहेब."

"पडदा? वा भांडेकर! काळाचा पडदा, खरं आहे." ते खुर्चीतून उठले. "अहो, इथे गोंड राजे होऊन गेले. जंगलात असं काहीतरी असणारच, हे मी सहीनिशी लिहिलं होतं. पायऱ्या पहा! तळं पहा!"

"माह्या दुकानातला परदा, साहेब. नागपूरचा. मीच टांगला."

परचुऱ्यांनी ऐकलं नाही, ते नकाशा उघडत होते. घोटकडून निघालेला तो सरळ रस्ता डोंगरावर चढून जिथं संपत होता, तिथून कोहकानार फार लांब नव्हतं. "तरीच! एवढा सरळ रस्ता उगाच कुठे जाईल? राजवाड्याला जातो." दोन चुकांनी एकमेकींना साक्ष दिली आणि फाइल वरती गेली.

त्यानंतर सरकारला जी घाई झाली, तशी चामोर्शीनं कधी पाहिली नव्हती. सुधारित नकाशात कोहकानार आलं, शेजारी 'राजवाडा (भग्न)' आलं. निस्तार परत मिळाला, कारण राजवाड्याच्या रयतेला सरपण नाकारणं बरं दिसेना. मुंबईचे थोरले साहेब पाहणीला येणार म्हणून त्यांच्या पाण्यासाठी विहीर खणली गेली, तीही गावाच्या मधोमध. रस्ता दुरुस्त करायला मजूर पाठवले. मजुरांना रस्ता सापडेना. वरून हुकूम आला, दुरुस्ती थांबवू नये. तेव्हा त्यांनी आधी रस्ता केला आणि मग दुरुस्त केला. तो ओरखड्यासारखाच सरळ डोंगरावर चढला. एकही बैल त्यावरून जाईना. गाव आपल्या जुन्या वाटेनंच जात राहिलं.

थोरले साहेब आले. परचुरे पुढं, लटारू कॅमेरा घेऊन मागं, घामानं चिंब. गावात शिरल्यावर थोरल्या साहेबांनी चहूकडे पाहिलं. झोपड्या, म्हशी, नवी विहीर.

"राजवाडा कुठाय?"

परचुऱ्यांनी पोचूकडे पाहिलं. पोचू प्रामाणिक माणूस.

"तो फोटोवाल्या भाऊनं गुंडाळून नेला जी."

बुधरीनं लगेच भर घातली. "लय चांगला होता. पुढच्या बारीले दोन्ही हंस नीट आना म्हना."

लटारू पुढं झाला. आता त्यानं सगळं सांगितलं: बुरशी, बोडी, ओढा, परदा. थोरले साहेब विहिरीच्या काठावर बसले आणि पोट धरून हसले. मग हसणं आवरून ते परचुऱ्यांना म्हणाले की यातलं काहीही कागदावर येता कामा नये, कारण नकाशाच्या दोन आवृत्त्या दिल्लीला पोचल्या आहेत. परचुऱ्यांनी अहवाल लिहिला. पुढच्या छपाईत कोहकानारच्या शेजारी कंसात शब्द बदललेला होता: 'राजवाडा (स्थलांतरित)'.

कचेरी बंद झाली. साहेब लोक सूरजागडच्या डोंगरांचा नकाशा करायला गेले. त्यांनी लटारूला बोलावणं पाठवलं, पण त्यानं डोळे अधू झाल्याचं कळवलं. जाताना कचेरीनं रद्दी विकली. त्यात लटारूनं टचिंग केलेलं ते जंगल होतं. ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं माहीत नाही, पण वर्षा-दीड वर्षानं मुंबईचा एक तरुण चित्रकार लटारूला शोधत चामोर्शीला आला. दाढी राखलेला, खादीचा झब्बा. त्यानं तो फोटो आणि तो नकाशा शेजारी शेजारी लावून प्रदर्शन मांडलं होतं. फोटो पाहतो, नकाशा ठरवतो, आणि कलावंत या दोघांमधली फट असतो, असं काहीसं तो सांगत होता. लटारूला फट म्हणून घ्यायला थोडं जड गेलं, पण 'कलावंत' शब्द त्यानं ऐकला. चित्रकारानं वर्तमानपत्राचं कात्रण दिलं. समीक्षकानं लिहिलं होतं: 'चित्राच्या मध्यभागी जी अथांग, निर्मनुष्य शांतता आहे, तिच्यापुढे प्रेक्षक मूक होतो.'

लटारूनं कात्रण चौकटीत घातलं. सवय सहजी जात नाही.

बाजाराच्या दिवशी पोचू चारोळी विकायला आला, तेव्हा लटारूनं ते त्याला वाचून दाखवलं. पोचूनं दोनदा वाचायला लावलं.

"शांतता कुठची भाऊ? तिथी तर बुधरीबाई बसते."

लटारू हसला, वच्छला त्याहून जास्त हसली. पोचूनं मग कामाचं सांगितलं: इरुक पंडुम जवळ आला होता, मोहफुलं वेचायच्या आधीचा सण. दोघांनी यावं.

दोघं गेली. लटारूनं कॅमेरा नेला नाही. कॅमेऱ्याच्या कापडी भात्याला वाळवी लागली होती आणि दुरुस्तीला नागपूरला पाठवला होता. वच्छला बुधरीच्या अंगणात बसली आणि दोघींनी मिळून अख्ख्या मुलखाचे नवरे निकालात काढले. त्यांचं हसणं बोडीपर्यंत येत होतं. दुपारच्याला लटारू मोहाखाली धोतराचा सोगा डोळ्यांवर घेऊन पडला. पिकली फुलं टपटप अंगावर पडत होती. झाडून टाकायला त्याचा हात उठला, मग राहू दे म्हणून खाली आला, आणि तो घोरायला लागला.